बेटापर्यंतचे चारशे मीटर

उजवा बूट ओला लागला म्हणून मी खाली पाहिलं. पायाशी पाणी होतं. फार नाही, बुटाच्या सोलएवढं. पण ते तिथं असायलाच नको होतं.

समोर माणसं उजव्या काठाला रेलून उभी होती. सगळ्यांचे मोबाईल वर. सूर्य बुडायला आला होता. कुणीतरी ओरडलं, "अरे, बघा बघा, पाण्यात उतरला!" तसे डावीकडे बसलेले दोघं उठून तिकडंच गेले. बोट अजून थोडी कलली आणि पाणी बुटाच्या लेसपर्यंत आलं.

मी अग्निशमन दलात तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक नांदेडला. गोदावरीला पूर आला की बोट घेऊन वस्त्यांमध्ये शिरायचं आणि माणसं बाहेर काढायची. कधी जिवंत, कधी नाही. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून जिल्ह्यातल्याच एका धरणावर खासगी बोट क्लबमध्ये बोट इन्चार्ज म्हणून लागलो. धरणाचं नाव सांगत नाही, कारण आज तिथं दुसरी माणसं नीट काम करून राहिली आहेत.

क्लबच्या फलकावर लिहिलं होतं, 'ट्रॉपिकल आयलंड सनसेट क्रूझ'. आयलंड म्हणजे धरणात बुडालेल्या एका गावाची टेकडी. पाणी चढलं, गाव गेलं, टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. मालकांनी त्यावर नारळाची मोठी झाडं आणून लावली, गवताच्या छत्र्या उभ्या केल्या, झोके टांगले. संध्याकाळी पाच-सव्वापाचला बोट सोडायची, वाटेत सूर्यास्त दाखवायचा, बेटावर चहा-भजी द्यायची आणि अंधार पडायच्या आत परत आणायचं. दिवाळीच्या सुट्टीत तर लातूर, निलंगा, धर्माबादहून गाड्या भरून लोक यायचे.

त्या दिवशी लातूरचं एक कुटुंब आलं होतं. शोभा सिस्टर दवाखान्यातून नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. त्यांच्यासाठी मुलगी-जावयानं ही सहल ठरवली होती. बहिणी, भाऊ, भाचे, नातवंडं असे सगळे मिळून पंचवीस जण. मी आणि माझा जोडीदार मल्लन्ना धरून सत्तावीस.

बोटीवर एक पत्र्याची पाटी असते. बोटीत किती माणसं बसवायची, हे तपासणी करणारा अधिकारी त्यावर लिहून देतो. आमच्या पाटीवर बावीस होते, चालकासह.

मी धक्क्यावर उभा राहून माणसं मोजली आणि मॅनेजर संतोषला म्हणालो, "पाच जास्त हायत. दोन फेऱ्या कराव्या लागतील."

"काका, पाच तर लेकरंच हायत. लेकरं कुठं मोजून राहिले तुम्ही?"

"पाटीवर लेकरं-मोठी असं काही लिहिलेलं न्हाई, संतोष."

"दुसऱ्या फेरीपर्यंत सूर्य थांबणार हाय का? लोक लातूरहून आलेत. अन् आज पाणी कसं हाय बघा, परातीसारखं."

पाणी खरंच शांत होतं. सिस्टरांचे जावई विकास घड्याळाकडं बघत होते. लहान पोरं आधीच बोटीत चढून नाचत होती. लहान मापाची लाइफ जॅकेट दोनच होती. बाकी तीन लेकरांना मोठी जॅकेट घालून पट्टे दोनदा गुंडाळले. मी अजून एकदा "संतोष" म्हणालो. तो म्हणाला, "माझ्यावर सोडा." आणि मी चावी फिरवली.

हे मी मुद्दाम सांगतो. मला माहीत नव्हतं असं नाही. मी मोजलं होतं.

आता पाणी आत कसं आलं ते सांगतो. बोटीच्या मागच्या बाजूला, जिथं आपण उभे राहतो त्या डेकच्या कडेला दोन भोकं असतात. एक डावीकडं, एक उजवीकडं. त्यांना स्कपर म्हणतात. डेकवर पाणी उडालं तर ते त्यातून बाहेर पडावं यासाठी ती असतात. पण बोट जड झाली की खाली बसते, भोकं पाण्याखाली जातात आणि बाहेरचं पाणी उलटं आत यायला लागतं. आम्ही दक्षिणेला चाललो होतो. सूर्य उजव्या हाताला होता, म्हणून माणसं उजवीकडं होती. म्हणून उजवं भोक बुडालं.

आत आलेलं पाणी जागेवर थांबत नाही, हे त्याहून वाईट. परातीत दोन तांबे पाणी घेऊन चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. बोटीचं तसंच होतं.

बोटीचा काठ पाण्यापासून किती वर आहे, याला फ्रीबोर्ड म्हणतात. मी उजव्या काठाकडं पाहिलं. एरवी तो दीड हात वर असतो. आता चार बोटं राहिला होता.

स्टिअरिंगवरचे हात माझे नसल्यासारखे वाटायला लागले. पुरात मला भीती वाटायची नाही असं नाही, पण तिथं बुडणारी माणसं दुसऱ्या कुणीतरी पाण्यात घातलेली असायची. ही मी घातली होती. आणि पाण्यात माणूस कसा जातो, ते मी खूप वेळा पाहिलं होतं. सिनेमात दाखवतात तसं कुणी ओरडत नाही. दोन-तीनदा हात हलतात, तोंड पाण्यासरशी वर-खाली होतं आणि मग तिथं कुणी नसतं. लहान लेकराला तेवढाही वेळ लागत नाही.

मला दोन गोष्टी करायच्या नव्हत्या. एक, ओरडायचं नव्हतं. "धोका आहे" असं म्हणालो असतो तर सगळे एकदम डावीकडं पळाले असते आणि बोट तिकडं उलटली असती. दुसरं, इंजिन एकदम बंद करायचं नव्हतं. बोट अचानक थांबली की मागून तिचीच लाट येऊन आत शिरते. मी थ्रॉटल केसाकेसानं कमी केला. धक्का दीड किलोमीटर मागं राहिला होता. बेट चारशे मीटरवर होतं.

मल्लन्ना पुढच्या टोकाला बसला होता. पन्नाशीचा माणूस, जातीनं भोई, जन्म त्याच बुडालेल्या गावातला. मी नुसता हात खाली करून दाखवला. तो डाव्या कडेनं, माणसांच्या पाठीमागून माझ्याकडं आला. पाणी पाहिलं. खांद्यावरचा टावेल काढून पिळा घातला आणि उजव्या भोकात कोंबला. पाणी यायचं कमी झालं, पण थांबलं नाही.

"मेल्लगा," तो माझ्या कानात म्हणाला. त्याच्या घरी तेलुगू बोलतात. हळू हाण, असं त्याला म्हणायचं होतं.

तेवढ्यात मला जाणवलं की कुणीतरी माझ्याकडं बघतंय. शोभा सिस्टर. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या एकट्याच डाव्या बाकावर बसून होत्या. त्यांनी माझ्या बुटाकडं पाहिलं, मल्लन्नाच्या हाताकडं पाहिलं आणि मग माझ्या चेहऱ्याकडं. बाकावरून सरकत त्या माझ्याजवळ आल्या.

"भाऊ, काय झालंय?" आवाज अगदी हळू.

"ताई, ह्यांना खाली बसवायचंय. एकेकाला. आधी लेकरं, मधोमध. मग मोठी माणसं डावीकडं, पण एका वेळी एकच. का म्हणून सांगू नका."

"किती वेळ हाय आपल्याकडं?"

"सांगता येत न्हाई."

त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला. ओठ एकदा घट्ट मिटले. मग त्या वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढताना असाच असेल.

"चला, मला सगळ्यांचा एक फोटो पाहिजे. बसून. जॅकेट नीट घालून. आधी लेकरं इकडं मधी खाली बसा. परी, तू पहिली. पट्टा लाव."

पोरं आली आणि खाली बसली. "आजी, खाली ओलं हाय!" परी म्हणाली.

"असू दे. बस."

मग त्यांनी एकेकाचं नाव घेतलं. "सुनंदा, तू ये. हितं बस. आता अण्णा. अण्णा, हळू. प्रमिला, तू थांब, अण्णा बसू दे." माणूस बसला की त्या त्याच्या जॅकेटचा पट्टा ओढून बघायच्या. फोटोसाठी अर्ध्या लोकांनी जॅकेट उघडी टाकली होती. दोघांनी तर काढून बाकाखाली ठेवली होती.

"मम्मी, दोन मिनिटं," विकास म्हणाले. "सूर्य चाललाय."

"विकास, बस म्हटलं ना."

काठ चारवरून सहा बोटांवर आला. मला जरासा श्वास घेता आला. आणि तेवढ्यात उजवीकडं उरलेल्या तिघी बायका, फोटो राहील म्हणून, एकदम उठून डावीकडं आल्या.

बोट झपकन डावीकडं झुकली. डेकवरचं सगळं पाणी खळ्ळकन तिकडं धावलं. डाव्या काठावरून पाण्याची एक पट्टी आत आली, गार, लेकरांच्या अंगावर. कुणीतरी किंचाळलं. त्या एका क्षणी मला वाटलं, गेलो. मल्लन्ना सगळं अंग उजव्या काठावर टाकून आडवा पडला. माझ्या तोंडून आवाज निघालाच. "हलू नका! जागचं कुणी हलू नका!"

कुणी हललं नाही. बहुतेक माझ्या आवाजातच सगळं होतं. बोट तिकडंच अडकल्यासारखी राहिली. मी मनात आकडे मोजत होतो की देवाचं नाव घेत होतो, ते आता आठवत नाही. मग ती हळूहळू वर आली, इकडं कलली, पुन्हा तिकडं कलली आणि मधोमध थांबली.

एक लेकरू रडत होतं. शोभा सिस्टरांनी त्याला मांडीत घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "सगळे माझ्याकडं बघा. फक्त माझ्याकडं."

आता बेटावर चढायचं होतं. आमचा छोटा धक्का बेटाच्या पलीकडच्या अंगाला. तिथं जायला मोठं वळण घ्यावं लागतं आणि वळताना बोट एका अंगाला कलते. वळण मला परवडणारं नव्हतं. सरळ समोर जावं तर पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं. एकाला धडकली तर फायबरची बोट फाटली असती.

"मल्लन्ना, सरळ जायला वाट हाय का?"

त्यानं डोळे बारीक करून टेकडीकडं पाहिलं. पलीकडच्या डोंगराचं टोक आणि बेटावरचं जुनं लिंबाचं झाड बोटानं एका रेषेत धरलं.

"गाडीवाट हाय. आमी देवळाकडं बैलगाडी चढवायचो ती. खाली मुरूम हाय, झाड न्हाई. जरा डावं घे. अजून. हां. आता असंच."

तीस वर्षं पाण्याखाली असलेल्या वाटेवरून त्यानं मला नेलं. मला काहीच दिसत नव्हतं, काळं पाणी आणि दोन्ही बाजूंना वर आलेली वाळकी टोकं. तो हात हलवेल तसं मी चाक फिरवत होतो. "मेल्लगा... मेल्लगा..." शेवटचे पन्नास मीटर मी श्वास घेतला की नाही कोण जाणे. मग खालून करकर आवाज आला. पुढचं टोक मुरमावर चढलं आणि बोट थांबली. मल्लन्ना उडी मारून उतरला. पाणी त्याच्या गुडघ्याएवढंच होतं.

एकेकाला खाली उतरवलं. सत्तावीस मोजले. पुन्हा मोजले. सूर्य बुडाला होता, पण आभाळ अजून लाल होतं. दोघा-तिघांनी फोटो काढायला सुरुवात केली, कारण मरण किती जवळून गेलं होतं ते त्यांना कळलं नव्हतं.

शोभा सिस्टर दगडावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती राहिलं होतं, भाऊ?"

"चार बोटं. नंतर तेवढंपण न्हाई."

"माणसं जास्त झाली म्हणून?"

"हाव. बावीसची बोट हाय. मी सत्तावीस घेतले."

"मग सांगा सगळ्यांना. मी न्हाई सांगणार. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. आधी कुणाला खरं वाटेना. मग विकासांनी माझी कॉलर धरली. "माझी पोरगी होती त्यात!" त्यांचा आवाज फाटला होता. मी त्यांचा हात काढला नाही. ते काही चूक बोलत नव्हते. सिस्टर उठून आल्या, त्यांनीच हात सोडवला, पण माझ्या बाजूनं एक शब्द बोलल्या नाहीत. तेही बरोबर होतं.

मी आणि मल्लन्नानं बादलीनं बोट रिकामी केली. दोन फेऱ्यांत सगळ्यांना परत नेलं, सगळे खाली बसलेले, जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून पाहिलेले. अण्णा म्हणजे सिस्टरांचे भाऊ बोटीत बसायलाच तयार नव्हते. सिस्टरांनी त्यांचा हात धरला आणि धक्का येईपर्यंत सोडला नाही.

धक्क्यावर संतोष म्हणाला, "काका, झालं तर काही न्हाई ना? मग कशाला वाढवता?"

दुसऱ्या दिवशी मी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी रिपोर्ट दिला. पाटीवर किती, नेले किती, नेणारा कोण, सगळं लिहिलं. नेणाऱ्याच्या जागी माझंच नाव होतं. संतोषचं नावही लिहिलं, पण माझ्या खाली. बोट दोन महिने बंद राहिली. मला क्लबनं येऊ नका म्हणून निरोप दिला आणि कार्यालयानं माझं चालकाचं लायसन्स वर्षभरासाठी काढून घेतलं. मी अपील केलं नाही. मल्लन्ना अजून तिथंच आहे. तो सांगतो, आता धक्क्यावर आत जायला एकच अरुंद वाट ठेवली आहे आणि चालक-जोडीदार धरून बाविसावा माणूस आत गेला की साखळी लागते.

आता मी होमगार्डच्या पोरांना पुराच्या बोटी शिकवायला जातो. गाठी, इंजिन, जॅकेट सगळं शिकवतो, आणि ही गोष्टही सांगतो. कुणीतरी विचारतंच, "सर, मग तुमची चूक नेमकी कुठं झाली? उजवीकडं उभं राहू दिलं तिथं?"

मी सांगतो, नाही. पाण्यात गेल्यावर आम्ही जे केलं ते बहुतेक बरोबरच होतं. चूक त्याच्या आधी, कोरड्या जमिनीवर झाली होती. तिथं मला फक्त एका माणसाला नाही म्हणायचं होतं.