आमच्या पक्षाचे सात आठवडे

नव्वदच्या दशकात बहारीनमध्ये पक्ष काढायला मनाई होती. मी काढला. सात आठवडे चालवला आणि आठव्या आठवड्यात रिफा शहरातल्या एका जेवणाच्या टेबलावर दोन पुरणपोळ्यांना देऊन टाकला. हा किस्सा मी आजवर कितीतरी घरी सांगितला आहे. पाहुणे हसून हसून बेजार होतात, कारण मी तो पुरणपोळीपाशी थांबवतो. त्यापुढचा भाग मी बायकोलाही सगळा सांगितलेला नाही.

पक्ष म्हणजे अर्थात आमच्या मराठी मंडळातला. मंडळ छोटं होतं. बँकवाले, इंजिनिअर, अकाउंटंट आणि त्यांच्या बायका. दरवर्षी कार्यकारिणीची निवडणूक व्हायची, पण मतदान कधीच नाही. कार्यकारिणीची यादी सरकारी कचेरीत मंजुरीला जायची, आणि हरलेला एखादा रुसला, त्याने जाऊन तक्रार केली, तर मंडळाची परवानगीच जाईल, अशी सगळ्यांना धास्ती. त्यामुळे अध्यक्षांच्या रिफातल्या बंगल्यावर शुक्रवारी जेवण व्हायचं आणि जितक्या जागा तितकेच अर्ज भरले जायचे. मग सर्वसाधारण सभेत निवडणूक अधिकारी उठायचे, खिशातून चष्मा काढायचे, नऊ जागांसाठी आलेले नऊ अर्ज दोनदा मोजायचे आणि घोषणा करायचे, ‘सर्व उमेदवार बिनविरोध!’ टाळ्या अशा पडायच्या की जणू आम्ही किल्ला सर केला आहे.

या गोड कारभारात मी विरोधी पक्ष का काढला? तत्त्वासाठी, असं मी तेव्हा सांगायचो. खरं कारण असं की मंडळाच्या वार्षिक नाटकात सलग तीन वर्षं मी नायक होतो, आणि त्या वर्षी ती भूमिका पुण्याहून नव्याने आलेल्या, गालाला खळी पडणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याला गेली. मला पोस्टमन दिला. दोन वाक्यं. ‘तार आहे’ आणि ‘इथे सही करा.’

घरी येऊन मी बुसैतीनमधल्या आमच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घातल्या. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, “अहो, दुसरं वाक्य चांगलं आहे. जरा खर्जात म्हणा.”

पुढच्या तालमीला मी टेबलावर चढलो आणि पक्षाची स्थापना जाहीर केली. अध्यक्षांनी आधी धावत जाऊन दार लावलं.

“अरे, पक्ष काय म्हणतोस? पॅनेल म्हण, पॅनेल! बाहेर काय चाललंय माहीत आहे ना?”

माहीत होतं. त्या वर्षांत गावांच्या तोंडाशी टायर जळायचे, रस्त्यात गाड्या थांबवून तपासणी व्हायची. तिथली माणसं खरोखरच काहीतरी मागत होती, बरखास्त झालेली संसद, आणि त्यासाठी तुरुंगात जात होती. आम्ही पडदे ओढून विनोदी नाटकाच्या तालमी करत होतो. अध्यक्षांचा घाबरलेला चेहरा पाहून मला इतका आनंद झाला की मी ‘पक्ष’ हा शब्द आणखी तीनदा, तोही मोठ्याने उच्चारला.

आता पक्ष म्हटला की मागणी हवी. ‘मला नायक करा’ ही मागणी छापता येत नाही. मी मंडळाची घटना चाळली आणि सातव्या कलमाशी थांबलो. सभासद होण्यासाठी बहारीनमध्ये सहकुटुंब राहणं आवश्यक. कुटुंब आणायला फॅमिली व्हिसा हवा, व्हिसाला तेवढा पगार हवा. म्हणजे सलमाबादच्या कॅम्पात राहणारे सगळे कामगार आपोआप बाहेर. आणि त्याच क्षणी मला आमचे मिस्त्री आठवले.

मिस्त्री रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये सुतार होते. सहा वर्षं आमच्या नाटकांचं नेपथ्य तेच करत. वर्कशॉपमधल्या उरलेल्या प्लायवूडमधून ते चौसोपी घर उभं करत, कोर्ट उभं करत, एकदा तर चालता जिना केला होता. सामानाबरोबर मागच्या दाराने यायचे आणि विंगेत उभे राहून नाटक बघायचे. समोरून त्यांनी स्वतःचं काम एकदाही पाहिलं नव्हतं. प्रवेश फक्त सभासदांना.

मी गाडी काढून सलमाबादला गेलो आणि त्यांच्या करवतीच्या आवाजावर आवाज चढवून भाषण ठोकलं. त्यांनी मशीन बंद केलं, कानातला कापूस काढला.

“साहेब, परत बोला. आयकलं नाय.”

परत बोललो. त्यांनी हातावरचा लाकडाचा भुसा झटकला.

“आपल्याला कमिटी-बिमिटी नको,” ते म्हणाले. “पन बायको येते हाय. व्हिजिटवर, तीन म्हयन्यासाठी. सोळा वर्षांत पयल्यांदा. तिला मी फोनवर बोल्लोय, नाटकाला घेऊन जाईन, माझा काम बघशील. आता तिला कुठं बसवू? एक दिवस खुर्चीवर बसून बघाया मिळाला, तिच्या शेजारी, तर बास.”

“एक दिवस कशाला? हक्काने बसाल!” मी म्हणालो. “आणि साहेब नका म्हणू. आता आपण एका पक्षाचे. भाऊ म्हणा.”

ते लाजले. पण म्हणाले, “बरं, भाऊ.”

पुढचे आठवडे मी आयुष्यात इतका सुखी कधी नव्हतो. ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर जाहीरनामा काढला. पक्षाची निशाणी करवत ठरवली. बायको म्हणाली, “गळा कुणाचा कापणार?” मुलगी, जी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर द्यायची, तिने विचारलं, “बाबा, आर यू फेमस नाऊ?” रिफापासून मुहर्रकपर्यंत ज्या घरी चहाला जाई, तिथे मी मिस्त्रींची सोळा वर्षं सांगायचो. कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा करायचा, हे तिसऱ्या घरापर्यंत पाठ झालं होतं. एका वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणी टाळ्यांसारखं वाटलं.

मिस्त्री मात्र काम करत होते. संध्याकाळी वर्कशॉप सुटलं की ते कॅम्पातल्या मराठी माणसांकडे जायचे. वेल्डर, रंगारी, फोरमन. एके दिवशी त्यांनी माझ्या हातात दोन कागद दिले. सातवं कलम रद्द करा, या मागणीखाली पंचेचाळीस सह्या. काही इंग्रजीत, काही मराठीत, दोन उर्दूत, तीन अंगठे.

“लोक घाबरत होते, भाऊ. पासपोर्ट कंपनीकडं, आनि त्यात असा कागद. बोल्ले, हा कुटं जानार? मी बोल्लो, भाऊंकडंच ऱ्हाईल. मी जबाबदार.”

शिवाय त्यांनी एक मतपेटी केली होती. सागवानी पट्ट्या, पितळी कडी, झाकणावर बारीक फट. मी विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, “मतदान होनार ना यंदा?” त्यांना खरंच वाटत होतं. मी पेटीची फट बोटाने चाचपून पाहिली. मला स्वतःला मतदान होईल असं कधीच वाटलं नव्हतं.

सातवा आठवडा संपला आणि शुक्रवारी रिफाहून जेवणाचं बोलावणं आलं. मी दोन्ही कागद खिशात घालून गेलो. मनात भाषण तयार होतं.

पानात पहिली पुरणपोळी पडली. अध्यक्षांच्या पत्नींनी वर तूप सोडलं आणि म्हणाल्या, “यंदा नायक म्हणून तो नवा मुलगा अगदीच लाकडी वाटतो हो. तुमची सर नाही.”

अध्यक्षांनी आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली. “माझंही तेच मत झालंय. आणि दिग्दर्शनही तूच कर. सहसचिवाची जागा रिकामी आहे, तिथे तुझा अर्ज घालू.” मग त्यांनी हात पुढे केला. “सह्या गोळा केल्यास म्हणे, तो कागद बघू जरा.”

मी दिला. त्यांनी वाचला. चेहरा खरोखर काळजीचा झाला. “मजूर कॅम्पातल्या माणसांच्या सह्या? आजच्या दिवसांत? भलत्याच्या हातात पडला तर त्यांना घरी पाठवतील. आणि तुझाही व्हिसा आहे, बाबा.”

घाबरायचं कारण होतं, हे मी आजही नाकारत नाही. पण ती भीती माझ्या किती सोयीची होती, हेही मला त्याच क्षणी कळलं. ‘सातवं कलम काढा, मग मी अर्ज भरतो,’ एवढंच वाक्य म्हणायचं होतं. पोस्टमनच्या दोन वाक्यांहून फार मोठं नव्हतं. मी म्हणालो, “कलमाचं पुढच्या वर्षी बघू.” अध्यक्षांनी दोन्ही कागदांचे बारीक तुकडे केले आणि ते सुपारीच्या तबकात ठेवले. त्यांच्या पत्नींनी दुसरी पोळी वाढली. मी ती खाल्ली. चव उत्तम होती, आणि हे मला सर्वांत जास्त खुपतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर सलमाबादला गेलो. मिस्त्री नाटकातल्या दिवाणखान्याच्या खिडक्यांना रंग देत होते.

“मिस्त्री, मोठी बातमी!” मी दारातूनच ओरडलो. “मागणी तत्त्वतः मान्य! पुढच्या वर्षी नक्की, इंशाल्ला!”

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. “म्हंजे यंदा नाय.”

“तसं बघितलं तर... यंदा नाही.”

“मतदान?”

“बिनविरोध.”

“आनि तुमी?”

“सहसचिव,” मी म्हणालो. आवाज उगाच खाली आला. “आतून काम करता येईल ना.”

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “तो सह्यांचा कागद?”

“सुरक्षित आहे.”

“मग ठीक हाय, साहेब. लोक इचारतात म्हनून.”

‘साहेब’ त्यांनी सहज म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो. मला भांडण फार छान जमतं. मतपेटी त्यांनी मंडळाला भेट दिली. ती पुढे हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉला वापरत.

नाटक शुक्रवारी दुपारी चारला होतं. मी दिग्दर्शक, नायक आणि सहसचिव. मिस्त्रींनी उभा केलेला दिवाणखाना इतका देखणा होता की तालमीत नट मंडळी चपला काढून वावरत होती. पहिल्या घंटेच्या आधी मी विंगेत गेलो तर तिथे दोन खोके एकावर एक ठेवून त्यांवर चादर अंथरलेली, आणि त्यावर मिस्त्रींची बायको बसलेली. हिरवी साडी, डोक्यावरून ओढून घेतलेला पदर, नव्या चपला. मिस्त्री शेजारी उभे.

“हे साहेब,” त्यांनी ओळख करून दिली.

ती उठायला लागली. मी घाईने म्हणालो, “बसा भाभी, बसा.”

“तुमी आमच्यासाटी लय केलंत,” ती म्हणाली. “हे सांगत होते. सगळी मान्सं खाली लांब बसलेली, आनि आमाला एवढ्या जवळनं बघाया मिळतं. हा मान कुनाला देत नायत, बोल्ले.”

मिस्त्री एका खिडकीची बिजागरी हलवून बघत होते. बिजागरी घट्ट होती. त्यांनी माझी लाज झाकायला तिला हे सांगितलं होतं की स्वतःची, हे मी कधी विचारलं नाही.

“मान तुमच्या नवऱ्याचाच आहे, भाभी,” मी म्हणालो. अतिशय सफाईने म्हणालो.

पडदा उघडला. नाटक रंगलं. माझ्या प्रत्येक विनोदाला विंगेतून आधी एक हसू यायचं आणि मग प्रेक्षकांतून. तीन अंकांत मी एकदाही त्या बाजूला तोंड केलं नाही. संवाद त्या बाजूच्या पात्राशी असला तरी मी दुसरीकडे बघून बोलत होतो. नंतर एका सभासदाने याला अभिनयाची नवी शैली म्हटलं.

पडदा पडला. खाली सभासदांना चहा आणि बटाटेवडे सुरू झाले. मी मेकअप पुसत होतो. पडद्याच्या फटीतून हॉल दिसत होता. निम्मी मंडळी मुलांना घेऊन निघून गेली होती, खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या.

भाभी खोक्यावरून उतरल्या. साडी नीट केली.

“आता खाली जाऊन बसूया का जरा?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. “पडदा जरा उघडा, समोरनं बघते, घर कसा दिसतो तुमचा. बायकांना पन भेटते. तुमच्या मंडळातल्या.”

मिस्त्रींच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. “नको गं,” ते म्हणाले. “खाली लय गर्दी हाय.”

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. रागाने नाही. त्यांना माझ्याकडून एका वाक्याची मदत हवी होती. सहसचिव होतो मी. दोघांना हाताला धरून पायऱ्या उतरलो असतो आणि पहिल्या रांगेत बसवलं असतं, तर फार तर चार जणांनी भुवया उंचावल्या असत्या.

“हो भाभी,” मी म्हणालो, “खाली फार गर्दी आहे.”

त्या “बरं” म्हणाल्या आणि चादरीची घडी घालू लागल्या. मिस्त्रींनी खिडकीचा पहिला स्क्रू काढला.