पिवळ्या धोत्र्याच्या मॅडम

डॉ. रत्नमाला साळवे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीत, आमच्या कॉलेजच्या फाटकाशी. हातांत रबरी मोजे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला काटेरी झुडपांचा मोठा भारा. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आलेली मी बाजूला सरकले, तर त्यांनीच विचारलं, "कुठली गं तू?"

"लासुर्ण्याची."

"मग हे ओळखशील."

"पिवळा धोत्रा. आमच्या बांधावर लई हाय." घाबरल्यामुळे घरची बोली तोंडातून निसटली.

मॅडम खळखळून हसल्या. "आमच्या कळसलाबी हाय. धर एक टोक!"

ते टोक धरून मी त्यांच्या प्रयोगशाळेत शिरले आणि पुढं पीएच.डी.पर्यंत तिथंच रमले. मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत असताना हे लिहायला मिळतंय, याचा मला फार आनंद आहे.

मॅडमचं काम कठीण, पण सांगण्याची पद्धत सोपी. आपल्या पेशींत आरएनए नावाचा धाग्यासारखा रेणू असतो. प्रथिनं बनवण्याचा निरोप तो पोचवतो. हा धागा काही ठिकाणी स्वतःवरच दुमडतो आणि त्याची घट्ट घडी बसते. वर्गात मॅडम पदराच्या निऱ्या करून दाखवत आणि त्यांना पिन लावत. "ही पिन म्हणजे वनस्पतीतला छोटा रेणू. तो घडीवर नेमका बसला, की घडी सहजी सुटत नाही." पिवळ्या धोत्र्यातला असाच एक रेणू आम्ही वेगळा काढला होता. काही कर्करोगांत जास्त बनणाऱ्या एका प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए आम्ही निवडला. त्याची घडी पक्की धरून ठेवली, तर ते प्रथिन कमी बनेल का, हा आमचा प्रश्न होता.

घडी किती पक्की आहे हे कळण्यासाठी आरएनए हळूहळू तापवायचा आणि ती कधी उलगडते ते पाहायचं. आमचा रेणू घातल्यावर ती बऱ्याच जास्त तापमानाला उलगडली. मी आनंदानं ओरडलेच! मॅडमनी आलेख निरखला आणि शांतपणे विचारलं, "दोन्ही नळ्यांत पोटॅशियम सारखंच होतं का? नुसत्या पोटॅशियमनंही ही घडी घट्ट होते."

नव्हतं सारखं. क्षार मोजून मी सगळं पुन्हा केलं. फरक पहिल्यापेक्षा कमी आला, पण आला! या वेळी मॅडमनीच टाळी वाजवली आणि सगळ्या विभागाला गरम जिलेबी खिलवली. "लहान आहे, पण खरं आहे," असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या.

आमचा शोधनिबंध छापून आला आणि एका स्थानिक वर्तमानपत्रानं मोठ्ठा मथळा दिला: 'बारामतीत कॅन्सरवर औषध!' तेव्हा माझे सासरे, कन्हेरीचे आबा, घशाच्या कर्करोगावर पुण्याला जाऊन-येऊन उपचार घेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर बसलेले, समोर वाटीत धोत्र्याचा पिवळा चीक. म्हणाले, "सुनंनं औषध शोधलंय. आता पुण्याला कशापायी जायाचं?"

वाटी मी उचलून घेतली, पण आबा माझं ऐकेनात. रडत मॅडमना फोन केला. कॉलेज सोडून त्या थेट कन्हेरीला आल्या, आबांसमोर जमिनीवर बसल्या.

"आबा, हा चीक विषारी हाय. आमच्या नळीत नुसता आरएनए हुता, माणूस नव्हता."

"मग पेपरात खोटं छापलंय व्हय?"

"औषध अजून सापडलं न्हाय. त्याच्याकडं जायची एक वाट दिसलीय, लई लांबची. तुमची सून ती चालतीय. तवर पुण्याचं सोडू नका."

आबांनी मला वाटीतला चीक ओतून टाकायची खूण केली. मग म्हणाले, "बाई, तुमी सोता म्हंताय, मग ऱ्हायलं."

वर्तमानपत्राला खुलासा छापायला लावून मॅडम थांबल्या नाहीत. आपल्या गावच्या, कळसच्या ग्रामसभेत उभ्या राहिल्या. ज्या गावानं सत्काराचा हार आणला होता, त्यालाच त्यांनी सांगितलं, "हार नंतर घाला. आधी कुणाच्या घरात धोत्र्याचा चीक काढून ठेवला असंल, तर फेकून द्या." स्वतःच्या कौतुकाला अशी कात्री लावणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

आबांचे उपचार पूर्ण झाले. माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला ते नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. त्यातलं काहीच कळलं नाही, तरी प्रत्येक उत्तराला मान डोलावत होते. आज त्यांची तब्येत ठणठणीत आहे.

परवा मॅडमचा फोन आला. मी आता इंदापूरच्या कॉलेजात शिकवते. त्या म्हणाल्या, "निवृत्तीनंतर तुझ्या प्रयोगशाळेत एक टेबल देशील का? त्या रेणूत थोडा बदल करून त्याचं विष कमी करता येईल, असं वाटतंय." निवृत्त होणाऱ्या माणसाच्या आवाजात एवढा उत्साह! मी टेबल पुसून खिडकीशी लावलंय.

मॅडम, तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि हसू आहे तसंच मोकळं राहो. तुम्हाला भरभरून निरोगी आयुष्य लाभो. आम्हाला तुमच्याकडून अजून पुष्कळ शिकायचं आहे. लवकर या.