उणे चाळीस अंशांचा ऑक्टोबर

सुकलेल्या झेंडूला एक कडसर, उबदार गंध असतो. दसरा सरून तीन आठवडे लोटले तरी तो माझ्या गाडीच्या तोंडाशी रेंगाळत होता. ऑक्टोबरचं पिवळंधमक ऊन पुण्याजवळच्या रावेतमधल्या इमारतींवरून पार्किंगमध्ये उतरलेलं, अंगावरून घामाच्या धारा वाहत होत्या, आणि गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान झळकत होतं: उणे चाळीस! अहो, रावेतमध्ये! बाहेर बर्फ पडतोय अशा समजुतीने एसीनेही संप पुकारला होता.

झालं होतं असं. ही माझ्या कमाईची पहिली गाडी. दसऱ्याच्या पूजेला आईने हार पक्का बसावा म्हणून पुढच्या जाळीत हात घालून त्याची सुतळी आत कशाला तरी करकचून बांधली. ते 'कशाला तरी' म्हणजे बाहेरची हवा मोजणारा, पेनाच्या टोपणाएवढा सेन्सर. चार दिवसांनी निर्माल्य काढताना तिने हिसका दिला. हार हातात आला आणि आत काहीतरी कडकन मोडलं. तेव्हापासून ती गाडीत बसेना. "माझा हातच वाईट गं. नव्या गाडीला दृष्ट लावली मी," म्हणायची आणि दर रविवारी आकुर्डीला मावशीकडे जायला बस पकडायची. सेन्सरचं मला काडीचं दुःख नव्हतं. पण शेजारची रिकामी सीट पाहिली की जीव तुटायचा.

म्हणून रविवारी सकाळीच कासारवाडीच्या दुकानातून नवा सेन्सर आणला, सतरंजी अंथरली आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून बंपरखाली आडवी झाले. आई जिन्यातून ओरडत होती, "शॉक बसेल, मेले!" धुळीने माखलेल्या अंधारात चाचपडत वायरीचा खटका दाबला, मोडका सेन्सर काढून खिशात टाकला, नवा बसवला. टक! काय गोड आवाज होता तो!

गाडी चालू केली, तर पुन्हा उणे चाळीस. थोडं चालवल्यावर आकडा सरकेल, असं दुकानदाराने सांगितलंच होतं. मी संधी साधली. "आई, मी रस्ता बघू की आकडा? तू बसून वाचत राहा."

ती बसली, सीटच्या कडेला, कशाला हात लागू नये म्हणून पदर गोळा करून. आकुर्डी जवळ आली आणि ती किंचाळलीच, "अगं, हललं! एकोणतीस... एकतीस!" दहावीचा निकाल वाचावा तसा तिचा चेहरा उजळला. एसीची गार झुळूक आली, तशी ती हळूच मागे टेकली. मला इतका आनंद झाला की उगाचच हॉर्न वाजवला.

"पण एवढं घट्ट कशाला बांधलंस?" मी विचारलं.

"रोज कामाला त्या चाकणच्या कंटेनर ट्रकांमधून जातेस ना," आकड्यावरची नजर न हलवता ती म्हणाली.

सिग्नलला खिशातला सेन्सर काढून पाहिला. मधोमध चिरला होता, पण त्यावरची आईच्या सुतळीची गाठ जशीच्या तशी होती. नखाने सोडवून पाहिली, सुटेना. तशीच पुन्हा खिशात ठेवली.