धुळीमागचा कळस

शेजारचे काका रोज सकाळी गच्चीवर यायचे. समोरच्या डोंगरावरच्या देवळाचा कळस दिसला की हात जोडायचे, मगच चहा घ्यायचे. हिवाळ्यात त्यांना कळस दिसेनासा झाला. मी म्हणालो, "काका, हवेत धूळ लई हाय. तिच्यावर आपटून ऊन विखुरतं, मग लांबचं सगळं पांढरं पडतं." तेव्हापासून ते रोज विचारायचे, "धूळ बसली का रं?" आणि बिनचहाचेच खाली उतरायचे.

काल अवकाळी पाऊस झाला. आज मला कळस लख्ख दिसत होता. काका कठडा धरून, डोळे बारीक करून तिकडंच बघत होते, पण त्यांचे हात जुळले नाहीत.

"अजून धूळ हाय, काका," मी म्हणालो.

त्यांनी ओल्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि अंगठ्याशी चोळून बघितलं.

"न्हाई रं. आता हवेला कशाला नावं ठिवू?"