ताईच्या डोळ्याखालचा डाग

कृष्णधवल फोटो धुताना कोऱ्या कागदावर आधी केस उमटतात, मग डोळे. मी अजून बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यात रोल भरतो आणि न्हाणीघरात लाल दिवा लावून फोटो स्वतः धुतो. परवा दिवाळीला माहेरी येऊन गेलेल्या ताईचा फोटो ट्रेमध्ये असाच उमटत होता. केस आले, डोळे आले, आणि डाव्या डोळ्याखाली एक काळा डाग आला. सावली असेल असं वाटलं. उजेडात नेऊन पाहिलं, तर तो वळ होता. ती समोर बसली होती तेव्हा पावडरीखाली मला तो दिसला नव्हता.

आईला फोटो दाखवला. ती दचकली नाही, तेव्हा कळलं की तिला ठाऊक होतं.

“कधीपासून चाललंय हे?”

“जावई तसे वाईट नाहीत रे,” आई म्हणाली. “तू दुसरा फोटो काढ.”

लोक म्हणतात, कृष्णधवल फोटोत सगळं कसं शांत दिसतं. आमच्या भिंतीवरच्या फोटोंतल्या काकू, आत्या साऱ्याच तोंड जरा वळवून बसल्यात. त्याला आम्ही आजवर लाज म्हणत आलो.

मी ताईला फोन लावला. “मी न्यायला येतो. घरी चल.”

“कुणाच्या घरी? आईच्या?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.