सांड, गाय आणि आमचे साहेब

जनावरांच्या दवाखान्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. लोक ते दावं धरून दारात आणून उभे करतात! पण अकोल्याजवळच्या आमच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त किस्से झाले, ते आम्ही स्वतः जनावरं झालो तेव्हा.

कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेसाठी मी एक नाटक लिहिलं होतं. शेतातली जनावरं मालकाला हाकलून देतात, बैलाला पुढारी करतात आणि हळूहळू बैलच मालक होऊन बसतो. नाटक चांगलंच होतं. मी लिहिलेलं होतं ना!

* * *

बैलाची भूमिका दवाखान्याच्या प्रमुखांकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे गेली. ऑडिशन वगैरे काही नाही, सरळ सिनिऑरिटी! साहेब इथलेच, दर्यापूरकडचे. पण खुर्चीत बसले की एकदम शुद्ध बोलायचे.

गाढव मात्र कोणी घेईना. शेवटी जनावरांची मलमपट्टी करणारे ड्रेसर मोहोडभाऊ उठले.

"द्या मले. इतके वर्सं नोकरी करून राहिलो, प्रॅक्टिस हायच!"

* * *

पहिल्याच वाचनाला आमचे नवे डॉक्टर गावंडे अडले.

"बैल कुठं क्रांती करते? त्याले बैल केला तवाच आपन त्याची क्रांती काढून घेतली!"

बाकीच्या डॉक्टरांनी गंभीरपणे माना डोलावल्या. दुसऱ्या कुठल्या नाटक मंडळीला हा आक्षेप सुचला असता? साहेबांचा चेहरा पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडी ऑर्डर निघाली, "बैल रद्द. सांड करा."

* * *

क्रांतीनंतर सगळी जनावरं सारखी, म्हणून सगळी जमिनीवर बसतात, असा एक सीन होता. साहेबांचे गुडघे दुखायला लागले. त्यांच्यापुरता स्टूल आला. स्टुलाला पाठ नाही, म्हणून खुर्ची आली. मग खुर्चीवर टॉवेल आला.

मोहोडभाऊ माझ्या कानाशी लागले, "भाऊ, आपन प्रॅक्टिस कावून करून राहिलो? सारं तर खरंच होऊन राहिलं!"

* * *

गाय होती आमची कमलताई. पशुधन पर्यवेक्षक. माहेर बडनेऱ्याचं, सासर तिवशाचं. अडेल गोऱ्ह्याला एकटी आवरणारी बाई. तिचं हे आयुष्यातलं पहिलं नाटक, आणि ते पाहायला सासू खास तिवशाहून येणार होती.

सुरुवातीला गायीला भरपूर बोलायला होतं. पण तालमीत साहेब म्हणायचे, "हे वाक्य सांडाच्या तोंडी जास्त शोभेल." असं शोभता शोभता गायीकडे शेवटचं एकच वाक्य उरलं. 'एक मालक हाकलला, आता तुलाही हाकलू!' नाटकाचा सगळा जीव मात्र त्यातच होता.

कमलताई ते वाक्य लस टोचता टोचता म्हशींना म्हणून दाखवायची. एकदा एक शेतकरी घाबरला.

"बाई, माह्या म्हशीले काय धमकावून राहिल्या?"

"धमकावत नाही जी. पार्ट पाठ करून राहिली."

"मंग हळू म्हना ना! पान्हा चोरते ते!"

* * *

मग कळलं, चीफ गेस्ट म्हणून आमच्या भागातले मोठे पुढारी येणार. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"नाटक छान आहे. अगदी तसंच ठेवा. फक्त त्यातला अर्थ तेवढा काढून टाका."

अर्थ म्हणजे गायीचं वाक्य! मी भांडलो. पण साहेबाशी भांडून कोण जिंकलंय? वाक्य कापलं गेलं. कमलताईचा चेहरा एवढासा झाला. "सासू येऊन राहिली ना भाऊ. मी काय पडदा पडेपर्यंत नुसती शेपूट हलवू?"

मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं, नाटकासाठीही वाटलं.

* * *

प्रयोग झकास झाला! सांडाला टाळ्या, गाढवाला शिट्ट्या. गायीनं सगळं नाटकभर रवंथ केलं, पण असं केलं की मागे बसलेले शेतकरी माना डोलावत होते.

पडदा पडल्यावर पुढारी स्टेजवर आले. आम्ही सगळे शिंगं-शेपट्यांसकट रांगेत उभे. एकेकाची पाठ थोपटत ते गायीपाशी थांबले.

"सारी जनावरं बोलली. तुमी कावून गप्प होत्या ताई?" आणि त्यांनी माईक पुढे केला.

साहेब घाईनं मध्ये पडले, "सर, ती गाय आहे."

कमलताईनं माईक घेतला. पहिल्या रांगेत बसलेल्या सासूकडे एकदा पाहिलं.

"मले एकच वाक्य होतं. तुमी येनार म्हनून ते कापलं!"

गावंडे डॉक्टर विंगेकडे सरकायला लागले.

आणि पुढारी पोट धरधरून हसत सुटले! मग अख्खा हॉल हसला, टाळ्या थांबेचनात. सासूबाई उभ्या राहून वाजवत होत्या.

"वा! याले म्हनतात शेवट!" डोळे पुसत पुढारी म्हणाले. "म्या असा शेवट कुठंच पाह्यला नाही. हे वाक्य लिवलं कोनं?"

डोक्यावरची शिंगं सावरत साहेब एक पाऊल पुढे झाले.

"मी!"