आर्डिसबाईंच्या टाकीचा कॉक

आर्डिस टॉलफसनबाईंनी मला पहिल्यांदा हाक मारली ती झापायला. उत्तर डकोटात तेलाच्या विहिरींवर पाण्याचा टँकर चालवायला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. माझं चाकांवरचं घर अशाच घरांच्या तळावर त्यांच्या घराशेजारी उभं होतं. नोव्हेंबर संपत आला होता आणि मी संडासाच्या टाकीचा कॉक खुशाल उघडा टाकला होता. म्हटलं, येईल ते आपोआप गटारात जाईल, आपल्यामागे कटकट नको.

"ए नवीन बाई, तो कॉक कोणासाठी उघडा ठेवलायस?"

"जाऊ दे की वाहून."

"वाहून कुठं जातंय? थेंब थेंब जातं आणि पाईपातच गोठतं. आठ दिवसांत पाईप भरेल, मग टाकी. मग बस मार्चपर्यंत सांभाळत."

त्या सत्तरीच्या बाई बर्फात गुडघे टेकून माझ्या घराखाली शिरल्या, दांडी आत ढकलून कॉक बंद केला आणि उठून हात झटकले. मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. टाकी भरू द्यायची, शनिवारी दुपारी ऊन असताना एकदम सोडायची म्हणजे सगळं जोरात निघून जातं, आणि लगेच कॉक बंद करायचा. टाकीत न गोठणारं गुलाबी पाणी ओतायचं. घराच्या खालच्या कडेला थर्मोकोलच्या तक्त्यांची झालर लावायची, आत एक दिवा जळता ठेवायचा. आणि कॉक गोठलाच, तर दांडी ओढायची नाही. ती प्लास्टिकची असते, हातात येते. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. तळावरच्या चाळीस घरांपैकी निम्म्यांनी तरी त्यांच्याकडूनच शिकलं असेल.

आर्डिसबाईंनी तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. नवरा ऑर्लिन आणि त्या, दोघांनी मिळून हे चाकांवरचं घर घेतलं ते म्हातारपणी दक्षिणेला उन्हात जाऊन राहायचं म्हणून. ऑर्लिन त्याआधीच गेला. बाईंनी मोठं घर विकलं आणि या छोट्या घरात राहायला लागल्या, पण दक्षिणेला काही गेल्या नाहीत. "एकटीनं उन्हात बसून काय करू?" एवढंच त्या म्हणायच्या.

त्यांची लेक जोलीन बिस्मार्क शहरात असते. तिनं तळघरातली खोली आईसाठी रंगवून ठेवली होती आणि दर थंडीत चल चल म्हणून मागे लागायची. शेवटी बाईंनी तिला शब्द दिला होता, ज्या हिवाळ्यात माझी टाकी गोठेल त्या हिवाळ्यात मी येईन. अकरा हिवाळे झाले, टाकी गोठली नव्हती. हे मला त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि सांगताना पत्त्यांचा डाव जिंकल्यासारख्या हसल्या होत्या.

माझा तिथला चौथा हिवाळा. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी कामावरून आले तर बाईंच्या घराखाली कॉक उघडा. टाकी रिकामी करून बाई आत गेल्या होत्या आणि दांडी तशीच बाहेर. मी झालरीचा तक्ता सरकवला, कॉक बंद केला आणि घरी आले. दार वाजवून सांगायला काय झालं होतं? पण आमच्या तळावर तसं करत नाहीत. कोणाच्या दारातला बर्फ काढला तर त्याच्यासमोर त्याचा उल्लेखसुद्धा करायचा नाही, आणि त्यानंही आभार मानून लाजवायचं नाही. मला ही रीत फार आवडायची. आता तितकी आवडत नाही.

पुढच्या शनिवारीही कॉक उघडाच सापडला. त्यानंतर तीन शनिवार मात्र बंद. मला हायसं वाटलं. म्हटलं, सणाच्या गडबडीत झालं असेल, बाई आता पूर्वीसारख्या झाल्या. मग मी बघायचं सोडून दिलं.

जानेवारीत एकदा पारा शून्याखाली छत्तीसपर्यंत उतरला. त्या बुधवारी सकाळी बाई टॉवेल खांद्यावर टाकून तळाच्या सामायिक संडास-न्हाणीघराकडे जाताना दिसल्या. गुरुवारी पुन्हा. स्वतःचा संडास असलेली बाई असल्या थंडीत तिकडे कशाला जाईल, हे मला न विचारता कळलं. त्या लांब गेलेल्या पाहून मी तक्ता काढला. कॉक उघडा होता आणि पाईप काठीसारखा टणक. रविवारी जोलीन येणार होती.

मी दांडीला हात घातलाच होता.

"हात काढ." बाई मागे उभ्या होत्या. "चार वर्षं काय शिकवलं तुला?"

"आर्डिस, हे रविवारच्या आत वितळवू आपण."

"वितळवू. पण ओढायचं नाही."

त्यांनी स्वतः हुकूम सोडायला सुरुवात केली. माझा हीटर घराखाली गेला. पलीकडचा डेल्मर, म्हातारा शेतकरी, अवाक्षर न बोलता आपला हीटर आणि केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. केस वाळवायचं यंत्र डेल्मरकडे कशासाठी, डोक्यावर तर एक केस नाही, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आशा आहे." गोठलेला पाईप सोडवून आम्ही उन्हात टेकवला, टाकीत गुलाबी पाणी ओतलं, आणि आळीपाळीनं कॉकवर गरम हवा सोडत बसलो. मधेमधे बाईंच्या घरात पातळ कॉफी.

दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना डेल्मर कपाकडे बघत म्हणाला, "गेल्या शनिवारी मी भावाकडे गेलो होतो."

"बरं मग?" मी म्हटलं.

"एरवी मीच बंद करायचो. नाताळच्या आधीपासून. पण झालरीपाशी तुझ्या बुटांचे ठसे होते, रेने. म्हटलं, रेने बघते आहे, एक शनिवार नसलो तर चालेल."

म्हणजे ते तीन शनिवार याचे होते. यानं बंद केलेला कॉक पाहून मी निर्धास्त झाले, आणि माझे ठसे पाहून हा निर्धास्त झाला. मी खूप चिडले, त्याच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. "मला एक शब्द बोलायला काय धाड भरली होती तुला?"

"तुला काय भरली होती?" डेल्मर शांतपणे म्हणाला.

बाई कप पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "भांडू नका. मला माहीत होतं."

बाईंनी पुसलेला कप फळीवर ठेवला.

"बर्फातले ठसे मला दिसत नाहीत होय? एक मोठा बूट, एक तुझा, आणि माझा कुठला त्यातला तेही मला आठवेना. पण म्हटलं, हे दोघं बंद करतायत तोवर टाकी गोठत नाही. टाकी गोठत नाही तोवर शब्द मोडत नाही. म्हणून मीही बोलले नाही."

मला रडू यायला लागलं होतं. ते लपवायला मी कॉफी ओतून घेतली.

शनिवारी दुपारी दांडी एका बोटानं सरकली. पाईप पुन्हा जोडलेला होता. आतून धडधडत सगळं आलं आणि गटारात गेलं. इतक्या घाणेरड्या आवाजानं तिघांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. मी म्हणाले, "झालं. वाहतंय म्हणजे गोठलेली नाही. जोलीनला कळायचं कारण नाही."

बाईंनी हातमोजा काढला, खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच लावला. "जोलीन, उद्या मोठी गाडी घेऊन ये. टाकी गोठली." पलीकडून जोलीन काहीतरी बोलत होती. "नाही गं, फुटलं नाही काही. मी गोठवली. बाकी आल्यावर सांगते."

रविवारी सकाळी त्यांनी आपल्या हातानं टाकी शेवटची धुतली, पाणी सोडलं, आणि आम्ही तिघं झालरीपाशी उभे असताना वळून गाडीकडे निघाल्या. जोलीन सामान लावत होती. चार पावलं जाऊन बाई थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

"रेने, जरा बघतेस का? कॉक बंद केलाय का मी?"

मी वाकून पाहिलं. मला वाटलं, हळूच ढकलावा आणि बंद आहे म्हणावं. डेल्मरही तेच मनात घेऊन माझ्याकडे बघत होता.

"उघडा आहे, आर्डिस," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. परत आल्या, माझ्या खांद्याला धरून गुडघ्यावर बसल्या आणि तळहातानं दांडी आत ढकलली.

"आता बघ."

मी पाहिलं. "बंद आहे," मी सांगितलं, आणि त्यांना उठायला हात दिला. त्यांनी तो धरला.